लोह लागत नाही

स्ट्रॉबेरी सडायला लागली की आधी देठाजवळ मऊ पडते, मग तिला पाणी सुटतं. महाबळेश्वरच्या वाटेवर पॅकिंगच्या शेडमागे अशा फळांचा ढीग असतो. अशाच एका ढिगातून २००१ साली चमचाभर चिखल बाटलीत भरून सांगलीला आणला गेला.

वर्ग चारचा कर्मचारी वयाच्या साठाव्या वर्षी, महिन्याच्या शेवटच्या दिवशी, कामकाजाची वेळ संपल्यावर निवृत्त होतो.

मदिनाबीला गुलाबी रंग आवडत नाही.

एक आम्ल आहे. ते साखरेपासून होतं. त्याच्या रेणूतून पाण्याचा एक रेणू काढून टाकला की पुढचं सगळं सुरू होतं आणि सडक्या फळावरच्या जिवाणूला जगता येतं. हे पाणी काढण्याचं काम जे करतं ते विकर, म्हणजे एन्झाइम. त्याचं नाव अल्ट्रोनेट डिहायड्रेटेज. दुसरं कुठलंही काम त्याला येत नाही.

सांगली ते सातारा, एसटीनं, कराडमार्गे: तीन तास.

संशोधनाच्या लेखात नावं ज्या क्रमानं छापतात त्याला अर्थ असतो. चारातल्या तिसऱ्या नावाला फारसा नसतो. तरी ते नाव असतं.

*

"मामा, हात पुसा आन् हिकडं या."

इलाही अत्तार परीक्षानळ्या धूत होता. सांगलीच्या एका कॉलेजच्या जीवरसायन विभागात तो अडतीस वर्षं प्रयोगशाळा परिचर होता. मेच्या एकतीस तारखेनंतर तो नसणार होता. हाक मारणारी अक्षता बनसोडे वाईची, पीएच.डी.च्या पाचव्या वर्षाला. तिची शिष्यवृत्ती जूनमध्ये संपत होती. विभागातले बाकीचे त्याचे हात साबणाचे असतानाच बोलवायचे. ती आधी हात पुसायला सांगायची.

लॅपटॉपच्या पडद्यावर लेखकांची चार नावं होती. पहिलं तिचं. दुसरं विभागप्रमुख जयराज सरांचं, कारण कागदोपत्री तेच तिचे मार्गदर्शक. शेवटचं डॉ. विजयमाला मगदूम यांचं. मगदूम मॅडम बारा वर्षांपूर्वी निवृत्त होऊन साताऱ्याला राहायला गेल्या होत्या, पण ते विकर त्यांचं होतं, त्या चिखलातल्या जिवाणूत त्यांनीच ते शोधलं होतं. आणि तिसरं नाव होतं इलाही दस्तगीर अत्तार.

तिसऱ्या नावासाठी मॅडम फोनवर भांडल्या होत्या. जयराज सर म्हणाले, परिचराचं नाव आभारात घालतात, लेखकांत नाही. मॅडम म्हणाल्या, त्याच्याशिवाय आजवर हे विकर कुणाच्या हाताला लागलेलं नाही, तुमच्यासुद्धा नाही. मग सरांनी नाव राहू दिलं.

अक्षतानं त्याला पत्र वाचून दाखवलं. लेख तपासणाऱ्या दोघा परीक्षकांचं ते पत्र होतं. त्यांना लेख आवडला होता. या जातीचं विकर जगात सगळीकडे लोह मिसळल्यावरच काम करतं, आणि सांगलीचं लोहाशिवाय करतं. हे खरं असेल तर पाठ्यपुस्तकात एक ओळ वाढवावी लागेल, असं त्यांनी लिहिलं होतं. म्हणून त्यांची एकच अट होती. हे विकर एकदा दुसऱ्या प्रयोगशाळेत, तिथल्या भांड्यांत काढून दाखवावं, आणि पेशी कशा फोडल्या ते सविस्तर लिहावं.

"म्हंजी छापून येनार?"

"दुसऱ्या ल्याबमधी एकदा करून दाखवलं की येणार."

"नाव ऱ्हाईल न्हवं?"

"का न्हाई ऱ्हानार?"

त्यानं पुन्हा नळ्या धुवायला घेतल्या. घरी गेल्यावर बायकोला, मदिनाबीला, सांगितलं. पुण्याला दिलेल्या मुलीला, फिरदोसला, फोन लावून सांगितलं. फिरदोसनं विचारलं, म्हणजे पेपरात येणार का? तो म्हणाला, पेपरात नाही, पण पेपरापेक्षा जास्त दिवस टिकतं.

*

पेशी बर्फावर घ्याव्यात. धुतलेली बारीक वाळू मिसळावी. खलात वीस मिनिटे वाटावे.

वहीत एवढंच लिहिलेलं होतं, मॅडमच्या अक्षरात. जिवाणू फोडल्याशिवाय आतलं विकर बाहेर येत नाही, आणि फोडायचं यंत्र कॉलेजला परवडणारं नव्हतं. म्हणून इलाही रोज सकाळी साडेसहाला, उन्हं वर यायच्या आत, विभागात एकटा बसून वाटायचा. गाळून आलेला रस लहान बाटलीत घालून बर्फात रोवायचा. अकराला मॅडम आल्या की तपासणी करायच्या. रस आणि आम्ल एकत्र ठेवायचं, मग तीन औषधं एकामागून एक घालायची, नळी दहा मिनिटं उकळत्या पाण्यात धरायची. विकर जिवंत असेल तर नळी गुलाबी व्हायची.

इलाहीची आई वारली तेव्हा तो पंधरा दिवस रजेवर होता. त्या पंधरा दिवसांत विभागातल्या दोघांनी वाटून बघितलं. नळी पांढरीच राहिली. पुढे जयराज सरांनी वाटलं, तरी पांढरी. अक्षतानं पहिलं दीड वर्ष स्वतः वाटलं, तळहाताला घट्टे पडेपर्यंत, आणि एकदा बर्फाच्या घमेल्यावर डोकं टेकून रडली. शेवटी सगळ्यांनी तिला तेच सांगितलं, जे विभागात वीस वर्षं सांगत आले होते. इलाहीच्या हाताला गुण आहे. त्यालाच वाटू दे.

त्यालाही तसंच वाटत होतं.

*

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत फळांचा रस नितळ करण्याची विकरं बनवणारा एक छोटा कारखाना आहे. तिथल्या तपासणी विभागाचा प्रमुख सरफराज हा याच कॉलेजचा जुना विद्यार्थी. त्यानं एक दिवस जागा देतो म्हटलं. मार्च महिना होता, रमजान सुरू होता. अक्षताच्या स्कूटरवर मागे इलाही बसला, दोन पायांत थर्मोकोलचा डबा, डब्यात बर्फ, बर्फात पेशी.

सरफराज दारापर्यंत आला. "चाचा, तुमच्या हाताला गुण हाय म्हणत्यात. आमच्या ज्यूसलापन लावा की जरा हात. मालक लय कटकट करतोय."

मग त्यानं इलाहीला विकर म्हणजे काय ते समजावलं. कुलूप आणि किल्ली, असं सांगितलं. घरी दही लागतं ना, तसंच काहीसं, असंही सांगितलं. इलाही मान हलवत ऐकत होता. अक्षताला कसंतरी झालं. दोघांचा रोजा होता म्हणून चहा आला नाही. तिनं आणलेली पाण्याची बाटली तिनं स्कूटरच्या डिकीतच ठेवली.

टेबलावर चिनी मातीचा पांढरा खल होता, नवा, आतून खरखरीत. इलाहीनं तो दोनदा धुतला, बर्फात बसवला आणि वाटायला सुरुवात केली. वीस मिनिटं. त्याचा खांदा एका लयीत फिरत होता. अक्षता घड्याळाकडे बघत होती.

पहिली नळी पांढरी.

सरफराज म्हणाला, होतं असं कधीकधी, उन्हातनं आलाय. दुसरी नळी दुपारी एकला, पांढरी. तिसरीसाठी इलाहीनं पेशी दुप्पट घेतल्या आणि अर्धा तास वाटलं. ओठ सुकले होते. मधे तो नमाजाला गेला आणि परत येऊन पुन्हा बसला. तिसरी नळी आणि नुसतं पाणी घातलेली नळी शेजारी शेजारी धरल्या तर कुठली कुठली ते सांगता आलं नसतं.

सरफराजनं आता चेष्टा केली नाही. त्यानं त्याच्या तक्त्यात तीन वेळा शून्य लिहिलं, तारीख घातली, सही केली.

इलाही खल धुवायला उठला. पाणी ओतलं, फिरवलं, सांडलं. पाणी स्वच्छ आलं. दुसऱ्यांदा ओतलं. तेही स्वच्छ. तो नळापाशी उभा राहिला. विभागात खल धुताना शेवटचं पाणी नेहमी चहासारखं यायचं. बावीस वर्षं तो ते पेशींचा मळ समजून मोरीत ओतत आला होता.

परत येताना अक्षतानं दोनदा विचारलं, मामा, कुठं थांबू का? तो नको म्हणाला. विश्रामबागच्या चौकात सिग्नलला ती मागे वळून म्हणाली, "उद्या सकाळी मी येनार. तुमी कसं वाटता ते मला बगायचंय. पाच वर्सात एकदाबी बगितलं न्हाई."

"ये," तो म्हणाला.

*

चिनी मातीचा खल विभागातही होता. २००२ च्या ऑगस्टमध्ये तो इलाहीच्या ओल्या हातातून सुटला आणि त्याचे तीन तुकडे झाले. नवा मागवायचा तर अर्ज, तीन कोटेशनं, समितीची बैठक. त्याच आठवड्यात मॅडमनी जिवाणू वाढवायचा रस्सा बदलला होता आणि त्या रोज विचारत होत्या. वर्षभर नळी पांढरी होती. त्या थांबणाऱ्यांतल्या नव्हत्या.

त्याच्या वडिलांचं मिरजेत दुकान होतं, अत्तराचं आणि युनानी चूर्णांचं. दुकान गेलं, पण खलबत्ता घरी राहिला होता. इलाहीनं तो जुन्या लुंगीत गुंडाळून आणला. उघड आणण्याची सोय नव्हती. घरातली एकही वस्तू प्रयोगशाळेत यायची नाही, हा मॅडमचा नियम होता. एका शिक्षकानं फ्रीजमध्ये लोणच्याची बरणी ठेवली तेव्हा त्यांनी ती सगळ्यांदेखत बाहेर व्हरांड्यात नेऊन ठेवली होती. म्हणून इलाही सकाळी वाटायचा, धुवायचा, पुसायचा, तेलाचा हात फिरवायचा आणि नऊच्या आत त्याच्या कपाटात, टोपी आणि डब्याच्या मागे, खल परत ठेवून द्यायचा.

त्या शुक्रवारी नळी पहिल्यांदा गुलाबी झाली. मॅडमनी नव्या रश्श्याला श्रेय दिलं आणि विभागात कंदी पेढे वाटले. दोन वर्षांनी त्यांचा लेख छापून आला. एक प्राध्यापक त्यांना भेटायला बंगळुरूहून आले.

चार महिन्यांनी चिनी मातीचा नवा खलही आला. पण तोवर काम चालू झालं होतं, आणि चालू काम मोडू नये असं इलाहीला वाटलं.

*

अक्षता पावणेसातला आली. इलाही बसला होता. समोर बर्फाचं घमेलं, पेशी, वाळू. बाजूला विभागाचा पांढरा खल, धुऊन ठेवलेला. तो उचलून बर्फात ठेवला असता तर नळी पांढरी आली असती, आणि हात थकला, वय झालं, एवढं म्हणून ते संपलं असतं. लेख गेला असता, पण त्याचं कारण कुणाला कळलं नसतं.

तो उठला. कपाट उघडलं. लुंगीची गाठ सोडायला त्याला वेळ लागला.

आतून लोखंडी खल निघाला. अक्षतानं त्यात बोट फिरवलं आणि बोटाकडे बघितलं.

"हे कवापासनं?"

"पयला फुटला तवापासनं."

"कवा फुटला?"

"दोन हजार दोन."

"म्याडमना ठाव हाय?"

"न्हाई."

"जयराज सरांना?"

"कुनालाच न्हाई. तुला आत्ता कळलं. मला काल."

ती स्टुलावर बसली. लोखंडी खल, वाळू, वीस मिनिटं, रोज. लोह मिसळावं लागत नव्हतं, कारण ते रोज सकाळी मिसळलंच जात होतं. तिला वाक्यसुद्धा पूर्ण करावं लागलं नाही. त्यालाही सांगावं लागलं नाही.

तरी दोघांनी करून बघितलं, कारण न बघता मान्य करायची सवय दोघांनाही नव्हती. पांढऱ्या खलात वाटलं. त्यातला अर्धा रस तसाच ठेवला, अर्ध्यात चिमटीच्या टोकाएवढं फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचा क्षार, घातलं. "हिराकस," इलाही बाटलीकडे बघून म्हणाला. "आब्बाच्या दुकानात बरनी असायची." दहा मिनिटं दोघं उकळत्या पाण्याशेजारी उभे राहिले. पहिली नळी पांढरी राहिली. दुसरी गुलाबी झाली, नेहमीइतकीच, थोडीही कमी नाही.

म्हणजे सांगलीचं विकर जगातल्या बाकीच्या विकरांसारखंच होतं.

व्हरांड्यात झाडूवाली बाई आली, तिनं बादली ठेवली. अक्षता नळी हातात धरून म्हणाली, "मामा, एक सांगू? आपन काय खोटं लिवलेलं न्हाई. खलात वाटलं, असं लिवलंय. खलातच वाटलंय की."

इलाहीनं वाळूच्या बरणीला झाकण लावलं.

"कुपवाडचं राहू दे. दुसरीकडं कुटंतरी करू. तुमी तुमचा खल घ्या. कोन इचारनार हाय कशाचा हाय म्हणून? छापून आलं की माझं झालं. तुमचंबी नाव येतंय. म्याडमचं तर आयुष्य हाय ते."

"आन् कुटं एखादी पोर चिनी मातीच्या खलात वाटत बसली तर?"

"बसू दे."

"तू बसलीस की दीड वर्स."

तिनं नळी स्टँडमध्ये ठेवली. मग हळू आवाजात विचारलं, "माझं काय व्हनार, मामा?"

तो खल पुसायला लागला. फडकं कोरडं होतं, खलही कोरडा होता, तरी तो पुसत राहिला. 

*

ईद झाल्यावर ते साताऱ्याला गेले.

दर ईदेला इलाही मॅडमना शीरखुर्म्याचा डबा द्यायचा. त्या साताऱ्याला गेल्यापासून तो कुणाबरोबर तरी पाठवायचा. यंदा स्वतः घेऊन गेला. मॅडम बहात्तर वर्षांच्या, गुडघ्यांनी थकलेल्या, चालताना वॉकरचा आधार घेणाऱ्या. डबा बघून त्या खूश झाल्या. म्हणाल्या, छापून यायच्या आधीच तोंड गोड करायला आलात की काय.

इलाहीनं उभ्यानंच सांगितलं. बसा म्हटल्यावरही बसला नाही. २००२ पासून, फुटलेल्या तुकड्यांपासून, कुपवाडच्या स्वच्छ पाण्यापर्यंत. सांगून झाल्यावर तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि प्रश्न विचारायला लागल्या, तोंडी परीक्षेत विचारतात तसे.

"वीस मिनिटंच वाटायचास?"

"व्हय. कवा कवा पंचवीस."

"वाळू धुतलेली?"

"तुमी सांगितल्याली तशीच."

"गंज चढायचा?"

"तेलाचा हात लावायचो. चढायचा जरा. सकाळी पुसून घ्यायचो."

"शेवटचं पाणी?"

"चहावानी."

त्यांनी हिशेब केल्यासारखी बोटं हलवली. मग अक्षताला विचारलं, हिराकस किती घातलंस, नळी किती गडद आली. तिनं आकडे सांगितले. मॅडमनी मान हलवली. आकडे बरोबर होते. त्यात कुठंच फट नव्हती.

"ज्या आठवड्यात मी रस्सा बदलला," त्या म्हणाल्या, "त्याच आठवड्यात तुझा खल फुटला."

"व्हय."

बाहेर कुणीतरी रिक्षा सुरू करत होतं, ती होत नव्हती. 

"निवृत्त होईपर्यंत मी एकदाही सकाळी साडेसहाला आले नाही, इलाही."

तो काहीतरी म्हणाला. अक्षताला ऐकू आलं नाही. बहुधा मॅडमनाही नाही.

मग त्यांनी अक्षताला लॅपटॉप उघडायला सांगितलं. नवा लेख मागे घ्यायचा, ते पत्र दोन ओळींचं. ते झाल्यावर २००४ च्या लेखाची दुरुस्ती. ती त्यांनी सावकाश सांगितली, स्वल्पविरामासकट, इंग्रजीत. आमचा निष्कर्ष चुकीचा होता. या विकराला लोह लागतं. ते लोह पेशी वाटण्यासाठी वापरलेल्या खलातून येत होतं. हा खल विभागाचे परिचर... इथं त्या थांबल्या आणि मराठीत म्हणाल्या, "इलाही, तुझं नाव घालू का? नको असेल तर नुसतं कर्मचारी म्हणते."

"घाला, म्याडम."

"चूक म्हणून छापून येणार आहे."

"व्हय की. पन केलंय मीच. घाला. पुरं घाला, इलाही दस्तगीर अत्तार."

मॅडमनी चष्मा लावला. अक्षतानं नाव टाइप केलं. डबा टेबलावर तसाच राहिला. निघताना मॅडम म्हणाल्या की संध्याकाळच्या आत खाईन. दारापर्यंत आल्या, फाटकापर्यंत नाही.

त्यानंतर त्यांचा विभागात फोन आला नाही. आधी दर सोमवारी यायचा.

*

जयराज सरांनी अक्षताला दोन पर्याय दिले. नवा विषय घेऊन पहिल्यापासून सुरुवात करायची, शिष्यवृत्तीशिवाय, किंवा सोडायचं. तिनं सहा दिवस विचार केला. वाईला वडिलांना सांगायला गेली. तिचे वडील महेंद्र बनसोडे शाळेत शिपाई होते आणि त्यांनी गावात आतापासूनच तिला डॉक्टरीणबाई म्हणायला लावलं होतं. काय बोलणं झालं ते तिनं इलाहीला सांगितलं नाही. एवढंच सांगितलं की बाबा म्हणाले, जेवून जा.

मेच्या मध्यापासून ती कुपवाडला सरफराजच्या हाताखाली लागली. डाळिंबाचा रस नितळ झाला की नाही ते बघायचं. नितळ असेल तर खूण, नसेल तर फुली.

एकतीस मेला इलाहीचा निरोप समारंभ झाला. शाल, नारळ, पुष्पगुच्छ. जयराज सर बोलायला उठले आणि थोडे अडखळले. काय बोलायचं ते त्यांनी ठरवलेलं नव्हतं, म्हणून बावीस वर्षं बोलत आलेलंच बोलून गेले. त्यांच्या हाताला गुण होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या रांगेत दोघा शिक्षकांनी एकमेकांकडे बघितलं. मदिनाबी नवी साडी नेसून आली होती, तिनंही टाळ्या वाजवल्या. तिला काही सांगितलेलं नव्हतं. नाव छापून कधी येणार, असं ती मधूनमधून विचारायची, आणि तो म्हणायचा, वेळ लागतो.

फ्रीजमधल्या त्या जिवाणूच्या बाटल्या जूनमध्ये काढून टाकल्या. जागा हवी होती.

*

ऑगस्टमध्ये एका रविवारी अक्षता घरी आली. पावसात भिजलेली. मदिनाबीनं टॉवेल दिला आणि चहा टाकायला आत गेली. अक्षतानं पर्समधून मोबाइल काढला.

दुरुस्ती छापून आली होती. पानाच्या तळाशी, चार ओळींची. तिनं फोन हातात धरून समजावायला सुरुवात केली, यात काय म्हटलंय, कुठली ओळ कशाबद्दल आहे. इलाहीनं हात पुढे केला. तिनं फोन दिला.

त्यानं चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि वाचलं. एकदा सगळं, मग तिसरी ओळ पुन्हा. नियतकालिकानं ती ओळ बदलली होती. तिथं आता इंग्रजीत असं होतं: प्रयोगशाळेतील एका कर्मचाऱ्याने वापरलेल्या लोखंडी खलामुळे.

"मामा, मी त्यांना लिवलं होतं," अक्षता म्हणाली. "दोनदा लिवलं. त्यांचा नियम हाय म्हणाले. लेखक नसलेल्या मान्साचं नाव असं घालत न्हाईत."

"बरोबर हाय त्यांचं."

"म्याडमनीबी लिवलं होतं."

"व्हय?"

"व्हय."

आतून मदिनाबीनं विचारलं, पोरीला साखर किती. इलाहीनं फोन अक्षताच्या हातात दिला. तिच्या केसांतलं पाणी फरशीवर पडत होतं, त्यानं तिच्यापुढे पायपुसणं सरकवलं आणि कुपवाडचा रस्ता आता कसा आहे, खड्डे बुजवले का, ते विचारलं.

ती म्हणाली, अजून नाही.

*

१९८२ साली मिरजेतून बारावी विज्ञानाची परीक्षा देताना इलाही दस्तगीर अत्तार याला रसायनशास्त्रात शंभरपैकी ब्याऐंशी गुण होते.